आधी दिवा बघा

महालया अजून महिना-दीड महिना लांब असते, तेव्हाच कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटमागच्या गल्ल्यांत दुर्गापूजेची धांदल सुरू झालेली असते. शारदीय अंकांची पानं लावायची असतात, कवी मुद्रितं उशिरा परत करतात, जाहिरातदार शेवटच्या क्षणी मजकूर बदलतात. मराठी वाचकाला हे दृश्य परकं वाटायचं कारण नाही. 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून आपल्याकडे ही प्रथा रुजवणारे काशिनाथ रघुनाथ मित्र मूळचे आजगावकर. बंगाली साहित्याच्या ओढीने त्यांनी ‘मित्र’ हे नाव घेतलं.

मोठ्या प्रकाशनांकडे आता नवी यंत्रं आहेत. पण लिटल मॅगझिनची पानं लावून देणारे डीटीपीवाले एकेका खोलीत बसतात. भाद्रपदातली चिकट हवा, डोक्यावर गरगरणारा पंखा, टेबलावर काच, काचेखाली कॅलेंडर आणि दोन-चार व्हिजिटिंग कार्डं. टेबलावरच्या संगणकात विंडोज एक्सपी. या एक्सपीला मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजी रामराम ठोकला. त्यात पेजमेकर 7, म्हणजे 2001 सालचं. पुढची आवृत्ती कधी निघालीच नाही.

नवा संगणक का घेत नाही, हा प्रश्न बाहेरच्या माणसालाच पडतो. पुण्या-मुंबईत दिवाळी अंकाची पानं लावलेल्या कुणालाही त्याचं उत्तर ठाऊक आहे. युनिकोड रुळण्याआधी भारतीय लिप्यांचे फाँट करणाऱ्या प्रत्येक कंपनीने अक्षरांना आपापले क्रमांक दिले. श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडला की गिचमीड दिसते, बंगालीचंही तेच. त्यात या सॉफ्टवेअरला हार्डवेअर लॉक असायचं. संगणकाच्या मागे, बहुधा जुन्या प्रिंटर पोर्टात, अंगठ्याएवढा ठोकळा खोचलेला. तो नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि नव्या संगणकाला ते पोर्टच नसतं. वीस-पंचवीस वर्षांचे अंक, पुस्तकांच्या फायली, पुरवण्या, सगळं त्या एका डब्यात अडकलेलं. जुना संगणक प्रेमापोटी कुणी ठेवत नाही. काम त्याच्यात अडकलंय म्हणून ठेवतात.

अशा संगणकाचा माउस ऐन घाईत बंद पडतो. बाण पडद्याच्या मधोमध गोठतो. माउस आपटून बघा, वायर हलवून बघा, ढिम्म. पेजमेकरमध्ये अर्धं पान लावलेलं आहे आणि शेवटचं ‘सेव्ह’ नेमकं कधी केलं होतं, ते आठवत नाही.

फोनवरचा पहिला प्रश्न

कोलकात्यात अशा वेळी फोन जातो तो ‘चांदनी’ला. चांदनी चौक मेट्रो स्थानकातून वर आलं की गणेशचंद्र अ‍ॅव्हेन्यू, मदन स्ट्रीट, प्रिन्सेप स्ट्रीट हा सगळा पट्टा संगणकाच्या बाजाराचा. चित्तरंजन अ‍ॅव्हेन्यूवर ई-मॉलमध्ये काचेची, एसीची दुकानं आणि आतल्या गल्ल्यांत हातभर रुंदीचे गाळे. इथे पंख्याच्या पात्यापासून मदरबोर्डापर्यंत काहीही मिळतं, आणि साबिर हॉटेलातल्या रेझाला या मटणाच्या रश्श्यासाठी येणारे खवय्येही याच गर्दीतून वाट काढतात.

गाळ्यात बसलेला अनुभवी मिस्त्री फोनवर माउसबद्दल काही विचारतच नाही. तो म्हणतो, “दादा, कीबोर्डवरचं नमलॉक दाबा. आलो ज्वलछे?” दिवा लागतोय का?

प्रश्न बाळबोध वाटतो, पण निदानाची सगळी मदार त्याच्यावर आहे. नमलॉकचा दिवा कीबोर्ड स्वतः लावत नाही. कळ दाबली की कीबोर्ड संगणकाला कळवतो, संगणक ते नोंदवतो आणि ‘आता दिवा लाव’ असा हुकूम उलट पाठवतो. म्हणजे दिवा लागला-विझला तर आतला सगळा कारभार जागा आहे आणि गडबड माउसपुरती आहे. कितीही वेळा दाबून दिवा हलत नसेल, तर बहुधा अख्खा संगणकच अडकलाय आणि माउस बिचारा निर्दोष आहे. लोक नेमके इथेच फसतात. संगणक गोठतो, माउस हलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते नवा माउस घेऊन येतात.

दिवा लागत असेल तर दुसरी सूचना लगेच येते: आधी कंट्रोल-एस. काम वाचवा, मग दुरुस्ती. माउसविना संगणक लुळा होतो हा आपला समज. ऑल्ट-टॅबने खिडक्या बदलता येतात, ऑल्ट-एफ4 ने बंद करता येतात. कंट्रोल-एस्केपने स्टार्ट मेनू उघडतो आणि बाणांच्या कळांनी ‘शटडाउन’पर्यंत पोचता येतं. डावं ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नमलॉक एकत्र दाबून विचारणा आली की एंटर मारला, तर उजवीकडचे आकडेच माउसचं काम करू लागतात: 4 आणि 6 ने बाण डावी-उजवीकडे, 8 आणि 2 ने वर-खाली, 5 म्हणजे क्लिक. बैलगाडीच्या वेगाने का होईना, पान पुरं होतं.

हातापासून सुरुवात

चांदनीतल्या मिस्त्रींचा एक अलिखित नियम आहे. शोध हातापासून सुरू करायचा आणि आत आत जायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माउसही बदलला, पोर्टही बदललं, ड्रायव्हरही पुन्हा टाकला आणि चालू झालं, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच रड.

हाताखाली पहिली येते टेबलावरची काच. पोटाखाली लाल उजेड असलेला ऑप्टिकल माउस म्हणजे खरं तर छोटा कॅमेरा. मायक्रोसॉफ्टने 1999 मध्ये इंटेलिमाउस एक्सप्लोरर आणला, तेव्हापासून ही जात घरोघर पोचली. लाल दिव्याच्या तिरप्या उजेडात तो पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून जास्त चित्रं घेतो आणि एका चित्रातले बारीक ओरखडे पुढच्या चित्रात कुठे सरकले त्यावरून हालचाल ओळखतो. गुळगुळीत काचेला ओरखडेच नसतात. उजेड आरपार जातो नाहीतर परावर्तित होतो, आणि माउसला वाटतं आपण जागेवरच आहोत. त्याच्याखाली एक रद्दी कागद सरकवायचा. बऱ्याच ‘मेलेल्या’ माउसांचा इलाज एवढाच असतो.

त्याआधीच्या पिढीच्या माउसच्या पोटात रबर चढवलेला जड गोळा असतो. असे माउस चांदनीत अजून निघतात. खालची गोल चकती फिरवून काढली की गोळा हातात येतो आणि आत दोन बारीक रूळ दिसतात, एक आडव्या चालीचा, एक उभ्या. दोन्हींवर मधोमध काळपट कडं जमलेलं असतं: हाताचा घाम, टेबलावरची धूळ, विडीची राख. बाण वर-खाली जातो पण डावी-उजवीकडे जात नाही, असं सांगितलं की मिस्त्री न बघताच कोणता रूळ माखलाय ते ओळखतो. नखाने खरवडायचं, स्पिरिटचा बोळा फिरवायचा. रुळाच्या टोकाला खाचांची चकती असते. तिच्या एका बाजूला अवरक्त दिवा, दुसऱ्या बाजूला त्याचा उजेड टिपणारे डोळे. चकती फिरली की उजेड अडतो, सुटतो, अडतो, आणि त्या लुकलुकीवरून अंतर आणि दिशा मोजली जाते. चकतीत एक केस अडकला तरी मोजणी बंद.

मग वायर. माउसची वायर मधे क्वचितच तुटते. ती तुटते माउसमधून बाहेर पडते तिथे, कारण दिवसभर ती तिथेच वाकते. विशिष्ट कोनात धरल्यावर चालतो, सोडल्यावर बंद, असं असेल तर दुसरं काही बघायला नको. तेवढा तुकडा कापून वायर पुन्हा डाखायची.

आणि एका क्लिकला दोनदा उघडणारा माउस? त्यात डाव्या बटणाखालचा इवलासा स्विच झिजलेला असतो. त्याची धातूची पट्टी दाबली की उसळते, टक् असा आवाज येतो. लाखो वेळा उसळून तिचा ताण जातो, टोकावर गंज येतो. मिस्त्री नवा स्विच शोधत बसत नाही. उजवं बटण कुणी फारसं वापरत नाही, म्हणून तिथला धडधाकट स्विच काढून डावीकडे बसवतो आणि झिजका उजवीकडे. सोल्डरिंगच्या पाच मिनिटांत माउसला दुसरा जन्म.

हिरवं भोक, जांभळं भोक

इथवर सगळं बाहेरचं. पण जुन्या संगणकात बिघाड पुष्कळदा मागच्या हिरव्या भोकात असतो. 1987 मध्ये आयबीएमने पीएस/2 संगणक काढले आणि त्यांच्याबरोबर सहा पिनांचं गोल पोर्ट आलं. पुढे ओळखीसाठी माउसचं हिरवं आणि कीबोर्डचं जांभळं झालं. दोन्ही भोकं दिसायला सारखीच, म्हणून टेबलाखाली वाकून अंदाजाने खोचताना अदलाबदल होते, नाहीतर पिन वाकते. टोकदार चिमट्याने ती हळूच सरळ करता येते. जोर लावला तर तुटते.

यूएसबीची सवय झालेल्या पिढीला एक गोष्ट पटत नाही: पीएस/2 माउस चालू संगणकात काढू-घालू नये. संगणक चालू होताना माउस स्वतःची तपासणी करतो आणि दोन बाइट पाठवतो, पहिल्याचा अर्थ ‘मी ठीक आहे’, दुसऱ्याचा ‘मी माउस आहे’. मग संगणक त्याला ‘बोल’ अशी परवानगी देतो. वायर मधेच निघाली तर पुन्हा लावल्यावर माउस शून्यापासून सुरू होतो, परवानगीची वाट बघत बसतो, आणि जुन्या संगणकाला त्याचा पत्ता नसतो. दोघेही गप्प. इलाज एकच, यंत्र नीट बंद करून पुन्हा चालू करायचं.

याच पोर्टाचा दुसरा खेळ आणखी गमतीचा. प्रत्येक हालचालीला माउस तीन बाइट पाठवतो: पहिल्यात बटणं आणि दिशा, दुसऱ्यात आडवं अंतर, तिसऱ्यात उभं. सैल पिनमुळे एखादा बाइट गळला की संगणक चुकीच्या जागेपासून मोजू लागतो आणि अंतरालाच बटण समजतो. बाण कोपऱ्यात उडतो, मेनू आपोआप उघडतात, फायली निवडल्या जातात. मालक घाबरून फोन करतो, व्हायरस आलाय. व्हायरस कसला, एक पिन सैल आहे.

पोर्टाला पाच व्होल्ट देणाऱ्या वाटेवर मदरबोर्डावर एक छोटा फ्यूज असतो. चालू यंत्रात वायर तिरकी घुसवताना क्षणभर शॉर्ट झालं की तो उडू शकतो. मग कितीही नवे माउस लावा, त्यांना वीजच मिळत नाही. पुन्हा तोच प्रश्न: माउसच्या पोटातला लाल दिवा लागतोय का? लागत नसेल आणि तोच माउस दुसऱ्या यंत्रावर लागत असेल, तर बोर्ड काढा.

आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे एकदा बघावं. ती वीस वर्षं मागे गेली असेल तर बोर्डावरचा सीआर2032 सेल संपलाय. त्याच्याबरोबर बायॉसमधल्या सेटिंगही मूळपदावर गेल्या, आणि काही जुन्या बोर्डांत मूळपदाला यूएसबी बंदच असतं. पंचवीस-तीस रुपयांच्या सेलपायी चांगला माउस कचऱ्यात गेल्याची उदाहरणं मिस्त्री चवीने सांगतात.

सोनं गाळणारे आणि पोर्ट

चांदनीपासून पायी जाण्याच्या अंतरावर बऊबाजार, कोलकात्याची सराफपेठ. तिथल्या माड्यांवर मराठी कानावर पडते. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली गलाई मंडळी सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत, तशी इथेही आहेत. अशाच एका गलाईच्या दुकानात हिशेबाचा जुना संगणक होता आणि दर काही महिन्यांनी त्याचा माउस नाहीतर कीबोर्ड मान टाकायचा. माउस बदलला की थोडे दिवस बरं, पुन्हा तेच.

मिस्त्रीने प्लग काढून उजेडात धरला. पिनांच्या बुडाशी हिरवट बुरशीसारखा थर. कारण शेजारच्या खोलीत होतं. सोन्यातली भेसळ काढायला नायट्रिक आम्ल, म्हणजे तेजाब, वापरतात. त्यात चांदी आणि तांबं विरघळतं, सोनं तसंच राहतं. गलाईचा सगळा धंदा या एका गुणावर उभा आहे. संगणकाच्या चांगल्या जोडांवर सोन्याचा मुलामा देतात तोही याच गुणासाठी. पण हा मुलामा अतिशय पातळ, आणि स्वस्त प्लगांना तोही नसतो. झिजला की खालचं तांबं-पितळ उघडं पडतं. तेजाबाची वाफ आणि बंगालची दमट हवा, दोन्ही मिळून त्याला खातात. हिरवा थर वीज नीट जाऊ देत नाही, आणि संगणकाला वाटतं माउस काढून नेला.

“आवो, मंग ह्ये आमच्याच मुशीतलं झालं की,” दुकानाचे मालक म्हणाले. त्यांना अधिक समजावून सांगावं लागलं नाही. संगणक खिडकीच्या बाजूला हलला, पोर्ट कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतलं गेलं, आणि माउस बदलायचं चक्र थांबलं. सोनं ओळखणाऱ्या माणसाला आपल्याच टेबलावरचा गंज दिसला नव्हता, कारण तो माउसकडे बघत होता.

गल्लीबोळांत याच्या उलटाही उद्योग चालतो. जुने बोर्ड तेजाबात टाकून त्यांतलं कणभर सोनं काढतात आणि उरलेलं पाणी गटारात सोडतात. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे. तरी भंगारवाल्याच्या गाडीत पडलेला माउस शेवटी कुठे पोचतो, हे मालकाला सहसा कळत नाही. उजवा स्विच डावीकडे बसवणारा मिस्त्री तो प्रवास काही वर्षं लांबवतो.

माउसआधीचं कोलकाता

या शहराला संगणक नवा नाही. भारतातला पहिला डिजिटल संगणक इथेच बसला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बरानगरच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटसाठी इंग्लंडहून एचईसी-2एम मागवला, तो 1956 मध्ये कामाला लागला. मग सोव्हिएत रशियाचा उराल आला. 1966 मध्ये संस्थेने जादवपूर विद्यापीठाबरोबर आयसिजू-1 हा ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक इथेच घडवला. या यंत्रांना माउस नव्हता. आज्ञा छिद्रं पाडून द्यायच्या, उत्तराची वाट बघायची.

त्याच दशकात आयुर्विमा महामंडळाने शहरात संगणक बसवायचं ठरवलं, तेव्हा नोकऱ्या जातील या धास्तीने कर्मचाऱ्यांनी इलाको हाउस या इमारतीवर रात्रंदिवस पहारा ठेवला. ज्या शहराने एका संगणकाला दारात अडवलं, तिथेच आज देशातले जुने संगणक चिवटपणे जिवंत ठेवले जातात. यात मला विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे काळजी एकच आहे, यंत्रापायी हातातलं काम जाऊ नये ही.

तिकडे कॅलिफोर्नियात 1964 मध्ये डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माउस बनवला. लाकडी ठोकळा, खाली एकमेकांना काटकोनात दोन धातूची चाकं, वर एक बटण. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जगाने तो पाहिला. ती दोन चाकं म्हणजेच पुढच्या माउसमधले दोन रूळ. साठ वर्षांत चाकाचा गोळा झाला, गोळ्याचा कॅमेरा झाला. हाताची हालचाल आडव्या आणि उभ्या अंतरात मोडायची, हे मात्र बदललेलं नाही.

अ‍ॅडॅप्टरचा चकवा

पीएस/2 माउस आता दुर्मीळ. नवा यूएसबी माउस दोन-तीनशे रुपयांत कुठेही मिळतो, आणि ड्रॉवरमध्ये हमखास एक हिरवा अ‍ॅडॅप्टर सापडतो, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्याला गोल पिना. लोक खुशीत दोन्ही जोडतात आणि काहीच होत नाही. या अ‍ॅडॅप्टरच्या पोटात अक्कल नसते, नुसत्या तारा असतात. यूएसबी आणि पीएस/2 या दोन वेगळ्या भाषा आहेत. पूर्वीचे काही माउस दोन्ही बोलायचे आणि त्यांच्याच खोक्यात हा अ‍ॅडॅप्टर मिळायचा. आजचा माउस फक्त यूएसबी बोलतो. त्याला आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, आणि त्याची किंमत माउसपेक्षा जास्त असते. चांदनीत तो मागताना ‘चिपवाला’ म्हणून मागायचा आणि गाळ्यावरच लावून बघायचा. एक्सपीच्या यंत्रात यूएसबी पोर्ट चालू असेल, तर ही यातायात करूच नये. माउस सरळ तिथे लावावा, विंडोज त्याला स्वतःहून ओळखते.

मग पुढे काय

माउस चालू झाला की माणूस कामाला लागतो आणि विसरून जातो. माझ्या मते खरी चूक तिथे होते. जुन्या यंत्रात सर्वात आधी बंद पडतो माउस, कारण तो सर्वात जास्त हाताळला जातो. त्याच्या मागे ओळीत उभे असतात फुगलेले कपॅसिटर, कुरकुरणारी हार्ड डिस्क आणि तो अंगठ्याएवढा लॉक. माउस चांदनीत मिळतो, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतो. लॉक गेला तर तो कुठल्याच बाजारात मिळत नाही.

म्हणून अंक छपाईला गेला की त्याच आठवड्यात तीन कामं उरकावीत. सगळ्या फायलींच्या फाँटसकट पीडीएफ कराव्यात. पान जसंच्या तसं टिकतं, फक्त त्यातला मजकूर शोधता येत नाही. तोच मजकूर कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये ठेवावा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीत, कारण तिथे हटकून घोळ होतो. आणि डिस्कची अख्खी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या घरी ठेवावी. बंगाली डीटीपीवाल्यांना हे काम कोजागरीची लक्ष्मीपूजा आणि कालीपूजेच्या मधल्या दिवसांत जमतं. आपल्याकडे अंक बाजारात जातात आणि दिवाळी लागते, तेव्हा चार दिवस निवांत मिळतात. यंदा माउसने दगा दिला असेल, तर ते चार दिवस याच कामाला द्यावेत.